पाऱ्याची उगाच बदनामी

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडीचा टोलनाका लागतो. मे महिन्यातल्या दुपारी तिथं गाडीची काच नुसती खाली करून बघा, भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आत येते. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला : पारा चढला. घरात वडील चिडले, तरी पाराच चढतो. गंमत अशी, की थर्मामीटरच्या नळीत पाऱ्याला जागा मिळाली ती त्याच्या थंड डोक्यामुळं!

पाण्याला काय झालं होतं?

फुकट मिळतं, मग नळीत पाणीच का नाही भरलं? तामलवाडीच्या उन्हाळ्यापुरतं बोलायचं, तर चाललंही असतं. चाळीस अंशांच्या आसपास पाणी पाऱ्याच्या दुपटीनं फुगतं. पण दहा अंशांजवळ तेच पाणी पाऱ्याच्या निम्म्यानंही फुगत नाही, आणि चार अंशांच्या खाली तर गार होता होता फुगायला लागतं. आता पट्टीवर खुणा आखायच्या कशा? पारा मात्र शून्याजवळ असो की शंभराजवळ, दर अंशाला साधारण साडेपाच हजारावा हिस्सा वाढतो. वाढ चिमूटभर, पण एकसारखी. ती दिसावी म्हणून तर नळीचं भोक केसासारखं बारीक ठेवतात.

अल्कोहोल पाऱ्याच्या सहापट फुगतं, पण ७८ अंशांना उकळतं. भिंतीवरच्या स्वस्त तापमापकातली लाल रेघ म्हणजे बहुतेक वेळा रंगवलेलं अल्कोहोलच. पारा उणे ३९ च्या जवळ गोठतो आणि ३५७ च्या जवळ उकळतो. शिवाय तो काचेला चिकटत नाही, त्यामुळं खाली उतरताना मागे थेंब ठेवत नाही. चकचकीत असल्यानं दिसतो. आणि तापायला, तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याला लागते त्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णता त्याला पुरते. फॅरनहाइटनं १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा भरवशाचा तापमापक बनवला.

घराला १०७ ताप

आपण हवा मोजतो सेल्सियसमध्ये आणि अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. ‘बाहेर ४२ आहे, पोराला १०२ आहे’ हे वाक्य मराठी घरात कुणाला खटकत नाही. पण ४२ सेल्सियस म्हणजे १०७.६ फॅरनहाइट. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या नळीवर खुणाच साधारण १०८ पर्यंत. अशी नळी बेचाळिशीच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत, टेबलावर राहिली, तर कुणी काखेत न धरताच ती १०७ दाखवणार. आणि दाखवतच राहणार, कारण टोकाच्या पाऱ्याच्या फुग्याच्या वर नळी मुद्दाम चिमटलेली असते. पारा चढताना त्या चिमट्यातून वर जातो, उतरताना रेघ तिथंच तुटते. म्हणून तर डॉक्टर झटका देतात. पण खोलीच चाळीस अंशांची असेल तर झटकून झटकून हात दुखेल, पारा चाळिशीखाली येणार नाही. उपाय सोपा आहे : फुगा माठातल्या पाण्यात बुडवायचा आणि मग झटकायचं.

हवामान खात्याच्या कमाल तापमापकातही हाच चिमटा असतो. किमान तापमान टिपायला मात्र तिथं अल्कोहोलच ठेवतात. त्यात एक बारीक काडी असते, ती थंडीबरोबर खाली ओढली जाते आणि तिथंच थांबते. दोन्ही नळ्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सनची, म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या वडिलांची.

डॉक्टरांची सव्वापाच फुटी नळी

पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. लोखंडाचा नट त्यावर तरंगतो, सोनं मात्र बुडतं आणि वर पांढरंही पडतं, कारण पारा सोन्यात मुरतो. रक्तदाबाचा १२० म्हणजे १२० मिलिमीटर उंच पारा. तिथं पाणी भरलं असतं, तर डॉक्टरांच्या टेबलावर सव्वापाच फुटांहून उंच नळी उभी करावी लागली असती, आणि बीपी वाढलेल्या पेशंटसाठी बहुधा स्टूलही.

चालता झाला

पारा एवढा गुणी, पण विषारी; त्याची वाफ दिसतही नाही. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला तो पाऱ्याच्या प्रदूषणावरूनच. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्ये मान्यता दिली. घरात जुनी नळी फुटलीच तर केरसुणी नको, बोट तर अजिबात नको : खिडक्या उघडा, गोळ्या जाड कागदानं गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा.

आता पिक् करून वाजणारा डिजिटल आलाय. काचेच्या नळीत गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रणही भरतात. ते काचेला चिकटतं, म्हणून नळीला आतून गॅलियम ऑक्साइडचा लेप द्यावा लागतो. झटकावं मात्र त्यालाही लागतंच, आणि तेही पाऱ्यापेक्षा जोरात.