पुढची तारीख कोण ठरवतं?

माझ्या एका मैत्रिणीचा पोटगीचा अर्ज कोर्टात सुरू आहे. तारखेच्या दिवशी ती रजा टाकते, मुलाला शेजारच्या काकूंकडे सोडते आणि साडेदहाला कोर्टात हजर होते. मागच्या खेपेला तिच्या नावाचा पुकारा झाला दुपारी साडेतीनला. समोरच्या वकिलांनी एक कागद पुढे केला, बेंच क्लार्कने तारीख सांगितली, थेट दीड महिन्यानंतरची. सगळं दोन मिनिटांत आटोपलं. घरी येऊन तिने विचारलं, ‘‘अगं, ही तारीख ठरवतं तरी कोण?’’

कागदोपत्री उत्तर सोपं आहे, न्यायाधीश. पण ती ठरते बोर्डावरून. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. खालच्या कोर्टात एका न्यायाधीशापुढे दिवसाला साठसत्तर प्रकरणं असणं ही नवलाची गोष्ट नाही. ती सगळी ऐकून होणार नाहीत हे सर्वांनाच ठाऊक असतं. कुणाचं समन्स बजावलं गेलेलं नसतं, कुणाची कैफियत यायची असते, कुणाचा साक्षीदार आलेला नसतो. म्हणूनच यादी मुद्दाम मोठी ठेवली जाते, कारण निम्मी प्रकरणं पुढे ढकलली जाणारच असतात. आपलं प्रकरण त्या निम्म्यात की उरलेल्यात, हे मात्र दिवसभर बाकावर बसल्याशिवाय कळत नाही.

तारीख किती लांबची मिळेल, हे प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर अवलंबून असतं. कैफियत दाखल होणं, मुद्दे निघणं, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद असा हा प्रवास. नुसता कागद दाखल करायचा असेल तर जवळची तारीख मिळू शकते, पण उलटतपासाला तासदोन तास लागतात आणि तशी मोकळी दुपार बोर्डावर सहज सापडत नाही. त्यातून तुरुंगात असलेल्या आरोपींचे खटले, वरिष्ठ न्यायालयाने मुदत घालून दिलेली प्रकरणं आणि वर्षानुवर्षं पडून असलेले दावे यांना आधी जागा द्यावी लागते. देशातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत 4 कोटींहून जास्त प्रकरणं प्रलंबित आहेत. विधी आयोगाने 1987 मध्येच दर 10 लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत असं सुचवलं होतं. आज त्याच्या निम्मेही नाहीत.

पण सगळा दोष गर्दीचा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा नियम योग्य ठरवला, मात्र पक्षकाराच्या हाताबाहेरची अडचण असेल तर सवलतीची वाट मोकळी ठेवली. एवढीशी फट पुरते! वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. तरीही कोर्टात हेच कारण सर्रास ऐकू येतं आणि समोरचा पक्ष गप्प बसला तर अर्ज सहसा मंजूर होतो.

म्हणून गप्प बसू नका. तहकुबीच्या अर्जाला विरोध आहे असं आपल्या वकिलांना लिहून द्यायला सांगा आणि तारखेचा खर्चही मागा. दरवेळी मिळेलच असं नाही, पण रोजनाम्यात नोंद राहते आणि चौथ्या तहकुबीच्या वेळी तीच नोंद कामी येते.

कौटुंबिक प्रकरणांत तर कायदा आपल्या बाजूने बराच बोलतो. घरगुती हिंसाचाराच्या अर्जावर पहिली सुनावणी साधारणपणे 3 दिवसांत ठेवावी आणि त्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा, अशी तरतूद आहे. अंतरिम पोटगीचा अर्जही समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली निघायला हवा. हे दिवस उलटून गेले असतील तर तारखेची वाट न पाहता प्रकरण लवकर बोर्डावर घेण्याचा अर्ज देता येतो. मुलाची फी, आजारपण, घरभाडं असं ठोस कारण आणि त्याचे कागद सोबत जोडा.

आणि हेलपाटे थोडे तरी वाचवायचे असतील तर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे मोफत अ‍ॅप फोनवर घ्या. प्रत्येक प्रकरणाला 16 अक्षरअंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि बहुतेक वेळा आदेशही दिसतात. आदल्या संध्याकाळी एकदा पाहून घ्या, न्यायाधीश रजेवर असतील तर वकिलांकडूनही ते कळू शकतं. मात्र वकिलांशी बोलल्याशिवाय घरी थांबू नका, कारण अर्जदार गैरहजर म्हणून प्रकरण काढून टाकलं गेलं तर ते पुन्हा उभं करायला वेगळा अर्ज करावा लागतो. दाव्यात त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते.

मैत्रिणीने गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच विरोध नोंदवला. या वेळी तारीख मिळाली बारा दिवसांनंतरची.