मुलगा खेळतो, मुलगी बघते

पळस्पे फाट्यावर संध्याकाळी उतरलात तर हे दृश्य हमखास दिसते. पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा गोंगाट चालू असतो आणि बंद दुकानाच्या पायरीवर चार पोरे मोबाईल आडवा धरून बसलेली असतात. 'बीजीएमआय' या खेळात चौघांचा संघ असतो आणि एका सामन्यात शंभर जण उतरतात. पायरीवरच्या या चौघांत मुलगी मात्र कधी दिसत नाही.

मग मुलींना गेम आवडतच नाही का? गावातल्या एका नववीच्या मुलीला विचारले. ती म्हणाली, "काकू, मी खेळत नाही, बघते. भाकऱ्या करताना आईचा फोन डब्याला टेकवून ठेवते, आवाज बंद करून." नावाजलेले खेळाडू, त्यांच्या चाली, कोण कुठे चुकला, सगळे तिला पाठ आहे. मोठा भाऊ मात्र रात्री दोनपर्यंत खेळतो आणि सकाळी कॉलेज बुडवतो.

"मुलींना ते जमत नाही," असे आपण सहज म्हणतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिकेतील व चीनमधील दोन ऑनलाइन खेळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वरवर पाहता पुरुष पुढे दिसत होते. पण खेळायला दिलेला वेळ हिशेबात धरल्यावर स्त्रियाही तितक्याच वेगाने पुढे जातात, असे आढळले. म्हणजे फरक वेळेचा होता, कुवतीचा नव्हता.

हा वेळ मुलींकडून कुठे जातो? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांची ८८. फोनचेही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी.

ज्या मुली खेळतात त्यांच्यापुढे आणखी एक अडचण असते. माईकवर मुलीचा आवाज ऐकू आला की शिव्या आणि घाणेरडे शेरे सुरू होतात. म्हणून कित्येकजणी मुलाचे नाव घेतात, माईक बंद ठेवतात. दक्षिण कोरियाची किम से-यॉन 'ओव्हरवॉच' इतके अचूक खेळे की २०१६ मध्ये तिच्यावर फसवणुकीचा आरोप झाला. तिने कॅमेऱ्यासमोर खेळून तो खोटा ठरवला आणि २०१८ मध्ये त्या खेळाच्या व्यावसायिक लीगमधली पहिली स्त्री खेळाडू झाली. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी सात नामवंत गेमर्सची भेट घेतली. त्यांत स्त्री एकच होती, छिंदवाड्याची पायल धारे.

आता आरोग्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'चा आजारांच्या यादीत समावेश केला असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. साधारण वर्षभर ही स्थिती राहून अभ्यास, काम, नातीगोती कोलमडली, तरच त्याला आजार म्हणतात. रोज तासभर खेळणारा मुलगा आजारी नव्हे.

मुलाचा त्रास निदान डोळ्यांना दिसतो. मुलीचा दिसत नाही. कोणी घाणेरडे बोलले, फोटो मागितला, धमकी दिली, तरी ती घरी सांगत नाही. कारण सांगितले की फोनच काढून घेतला जाईल हे तिला ठाऊक असते. मग झोप उडते, डोके दुखते, चिडचिड वाढते, आणि घरचे म्हणतात, "वयच तसे आहे."

पालकांनी काय करावे?

• फोनची वेळ मुलगा-मुलगी दोघांना सारखी ठरवा. भांडी आणि भाकऱ्याही दोघांत वाटा.

• रात्री झोपताना सगळ्यांचे फोन, आईवडिलांचेही, एका जागी ठेवा.

• "तुला कोणी त्रास दिला तर मी फोन काढून घेणार नाही," असे मुलीला आजच सांगा. शेरे आले तर स्क्रीनशॉट ठेवून त्या माणसाला ब्लॉक करायला शिकवा. धमकी असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर किंवा पोलिसांकडे तक्रार करा.

• मुलगा माईकवर काय बोलतो तेही ऐका. दुसऱ्याच्या मुलीला शिवी देणारा आपल्याच घरात बसलेला असू शकतो.

• खेळणे हाताबाहेर गेले किंवा मन खचले असे वाटले तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. ही सेवा चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येते.

त्या मुलीला निघताना विचारले, खेळायला मिळाले तर? ती हसली. "रोज अर्धा तास पुरे, काकू. पण दादाने तेवढ्या भाकऱ्या केल्या पाहिजेत."