औद्योगिक संशोधन आणि शास्त्रज्ञाची बढती

कारखान्याची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेपेक्षा वेगळी असते. विद्यापीठात संशोधनाचा विषय बहुधा संशोधक स्वतः निवडतो आणि आपले निष्कर्ष प्रसिद्ध करतो. उद्योगात विषय मालाच्या गरजेतून येतो, कामाला मुदत असते आणि पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत निष्कर्ष गुप्त ठेवावे लागतात. साहजिकच, येथे काम करणाऱ्याने आपली प्रगती कशावरून मोजावी, हा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आल्विन गोल्डनर यांनी १९५७ साली एका महाविद्यालयातील मंडळींचा अभ्यास करून दोन प्रकारचे कल दाखवून दिले. काहींचे लक्ष आपल्या विषयातील जगभरच्या जाणकारांकडे असते, तर काहींची निष्ठा प्रामुख्याने स्वतःच्या संस्थेशी असते. पुढे हाच भेद औद्योगिक प्रयोगशाळांनाही लावण्यात आला. शास्त्रज्ञाला शोधनिबंधाची व समव्यावसायिकांच्या मान्यतेची ओढ अधिक. अभियंत्याला आपले यंत्र प्रत्यक्ष चालावे व मोठी जबाबदारी आपल्याकडे यावी, याची ओढ अधिक. हा भेद अर्थातच ढोबळ आहे.

दोन्ही कलांचा मेळ बसल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे अर्व्हिंग लँगम्यूर. १९०९ साली अध्यापन सोडून ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत आले. विजेचे दिवे आतून काळे का पडतात, याचा त्यांनी मुळापासून शोध घेतला. तापलेल्या तारेतील टंगस्टनची वाफ होऊन ती काचेवर बसते, हे त्यांनी सिद्ध केले व दिव्यात वायू भरण्याचा उपाय सुचविला. कंपनीला अधिक चांगला दिवा मिळाला. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातील कार्याबद्दल लँगम्यूर यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु असा मेळ सर्वत्र बसत नाही. अनेक ठिकाणी वरचे वेतन व मान केवळ प्रशासकीय पदालाच असतो. मग निष्णात संशोधक प्रयोगाचे टेबल सोडून फायलींकडे वळतो. प्रयोगशाळा एका जाणत्या माणसाला मुकते आणि कार्यालयास चांगला व्यवस्थापक मिळतोच असे नाही.

यावर उपाय म्हणून बढतीच्या दोन समांतर शिड्यांची पद्धत पुढे आली. एक शिडी व्यवस्थापनाची, दुसरी तज्ज्ञतेची. दोन्हींवर वेतन व दर्जा समान असावा, ही त्यामागील कल्पना होय. आय. बी. एम. कंपनीने १९६२ साली सुरू केलेले ‘फेलो’ हे पद याच प्रकारचे आहे. मात्र तज्ज्ञाला केवळ पदनाम देऊन भागत नाही. विषय निवडण्याची मोकळीक, साधने व साहाय्यक मिळाले नाहीत, तर ही शिडी शोभेची ठरते. टॉमस अॅलन व राल्फ कॅट्झ यांच्या १९८६ सालच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. पुष्कळ अभियंत्यांना दोन्ही शिड्यांपेक्षा आव्हानात्मक कामाचीच आवड अधिक होती आणि वयाबरोबर ही आवड वाढत होती.

जपानमधील कोइची तानाका हे याचे बोलके उदाहरण. शिमाद्झू कंपनीतील या अभियंत्यास २००२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती व कंपनीतील पदही साधेच होते. संशोधन सुटू नये म्हणून त्यांनी बढतीच्या परीक्षा टाळल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले.

भारतात केंद्र शासनाच्या वैज्ञानिक विभागांनी याच अडचणीवर ‘फ्लेक्सिबल कॉम्प्लिमेंटिंग’ योजना स्वीकारली. तीनुसार वरची जागा रिकामी होण्याची वाट न पाहता, ठराविक सेवेनंतर कामाची पारख करून शास्त्रज्ञास वरचा दर्जा देता येतो. ही योजना शासकीय संस्थांपुरती असली, तरी तिच्यामागील विचार खाजगी उद्योगांनाही उपयुक्त आहे.

विज्ञान व अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना शिक्षकांनी व पालकांनी हे ध्यानी घ्यावे. ‘साहेब कधी होणार?’ हा एकच प्रश्न विचारला गेला, तर प्रयोगात रमणारा मुलगा किंवा मुलगी स्वतःला अपयशी समजू लागते. पारखीने माणूस नेमणे जितके आवश्यक, तितकेच त्याचा कल ओळखून त्याला योग्य जागी वाढू देणेही आवश्यक आहे.