सेटिंगची फाईल नेमकी ठेवायची कुठं?

लिनक्सवर लिहिलेलं सॉफ्टवेअर विंडोज किंवा मॅकवर नेलं, कोड कंपाइल झाला, विंडो उघडली, की पोर्ट करणाऱ्याला वाटतं काम झालं. पण वापरणाऱ्यानं बसून केलेली सेटिंग्ज ठेवायची कुठं?

लिनक्सची जुनी पद्धत म्हणजे होम फोल्डरमध्ये टिंबानं सुरू होणारी फाईल. टिंब असलं की एलएस ती दाखवत नाही. असं करत करत होम फोल्डरची पार अडगळीची खोली झाली, म्हणून २००३ साली एक्सडीजीचं स्पेसिफिकेशन आलं. सेटिंग्ज डॉट कॉन्फिगमध्ये, तात्पुरता माल डॉट कॅशमध्ये. आणि एक्सडीजी कॉन्फिग होम हे व्हेरिएबल सेट असेल तर आधी त्याचं ऐकायचं. हे बरेच जण विसरतात बरं का.

विंडोजवर तीच डॉट फाईल टाकली तर ती लपतही नाही, कारण तिथं लपणं नावावर नाही, ॲट्रिब्यूटवर ठरतं. तिथली जागा ॲपडेटा. त्यातही रोमिंग आणि लोकल असे दोन कप्पे, आणि खरी गोम इथंच आहे. ऑफिसच्या नेटवर्कवर रोमिंग प्रोफाइल चालू असेल, तर लॉग आउट करताना रोमिंगमधलं सगळं सर्व्हरवर जातं, आणि तुम्ही दुसऱ्या मशीनवर बसलात की तिथं उतरतं. म्हणून भाषा, शॉर्टकट, रंग हे रोमिंगमध्ये. विंडोचा आकार, कॅश हे त्या मशीनपुरतं, म्हणजे लोकलमध्ये. भलीमोठी कॅश रोमिंगमध्ये कोंबली, तर बिचारा माणूस लॉगिन होईपर्यंत चहा पिऊन येतो.

मॅकवर लायब्ररीखाली ॲप्लिकेशन सपोर्ट. शेजारच्या प्रेफरन्सेसमध्ये स्वतःच्या हातानं फाईल लिहू नये, ते सिस्टिमच्या एपीआयवर सोडावं. टर्मिनलमधल्या टूलसाठी मात्र माझं मत वेगळं आहे: मॅकवरही डॉट कॉन्फिगच बरं. निओव्हिम तेच करतं. ही मंडळी सेटिंग्ज गिटमध्ये घालून मशीन बदलत फिरतात, त्यांना एकच पत्ता हवा असतो.

हे रस्ते हातानं कोडमध्ये लिहीत बसू नका. क्यूटीत क्यूस्टँडर्डपाथ्स आहे, पायथनला प्लॅटफॉर्मडिर्स, गो भाषेत ओएस पॅकेजमध्ये यूजरकॉन्फिगडिर.

आणि आधीच चुकीच्या जागी फाईल गेली असेल तर? नव्या आवृत्तीनं आधी नवी जागा बघावी, तिथं काही नसेल तर जुनी, आणि सापडलं तर कॉपी करावं. जुनी फाईल लगेच पुसू नका. कुणी मागच्या आवृत्तीवर परतला, तर त्याची तीन वर्षांची जुळवाजुळव त्याला जागच्या जागी मिळायला हवी.