हजेरीपट आणि संगणक

आपला हजेरीपट आठवा. प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ आणि प्रत्येक दिवसाचा एक उभा रकाना. संगणकाच्या पायथॉन भाषेत पण असं मांडता येतं. प्रत्येक मुलाची एक यादी करायची. हजर असेल तर १, गैरहजर असेल तर ०. मग सगळ्या याद्या एका मोठ्या यादीच्या पोटात ठेवायच्या. याला दुमिती अ‍ॅरे म्हणतात.

एक घर सांगायला दोन आकडे लागतात. आधी ओळ, मग रकाना. गंमत म्हणजे संगणक शून्यापासून मोजतो! म्हणून तिसऱ्या मुलाचा पहिला दिवस म्हणजे हजेरी[२][०]. उलटं [०][२] लिहिलं तर पहिल्या मुलाचा तिसरा दिवस येतो, आणि संगणक काही बोलत पण नाही.

मला बेरीज फार आवडते. रकाना तोच ठेवून ओळ बदलत गेलं की त्या दिवशी किती मुलं आली ते कळतं. पोषण आहारात आपल्याला दिवसाला माणशी १०० ग्रॅम धान्य असतं. समजा २३ मुलं आली, तर तांदूळ २ किलो ३०० ग्रॅम. पण आडवी बेरीज केली तर एकाच मुलाचे दिवस येतात. ते १८ आले आणि तेवढाच भात टाकला, तर पाच जणांनी काय खायचं?

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी