थंड गाडीपाशी जा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मला बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलायला. आज मी जुनी गाडी विकत घेण्याविषयी बोलणार आहे, आणि तीही साधी गाडी नव्हे, वेगवान गाडी. हा विषय मला घरातून मिळालेला आहे. माझे अब्बा मिरजेत मोटार मिस्त्री होते. शाळेतून आलो की दप्तर कोपऱ्यात टाकून मी त्यांना पाने काढून द्यायचो. बारा-तेराचा, चौदा-पंधराचा. मी बी.ए. झालो आणि कवितेकडे वळलो. धाकट्या भावानं गॅरेज सांभाळलं.

गेल्या हिवाळ्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामू, एक गाडी बघितलीय. धाकट्या मामूंना घेऊन तुम्ही पण चला." गाडी होती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ची. दिसायला घरगुती सेडान, पण आत दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, दोन क्लचचा सहा गियरचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स. उभ्या जागेवरून शंभराचा वेग सात सेकंदांच्या आत. पोरानं चार वर्षं पगारातून बाजूला टाकलेली सगळी शिल्लक त्यात जाणार होती, वर थोडं कर्ज. पोराच्या आवाजावरूनच कळलं की त्याच्या मनानं गाडी कधीच घेतलेली आहे.

मला माझं आठवलं. २००६ साली मीही अशीच मनानं एक गाडी घेतली होती. साधीच होती, पण रंग असा चकचकीत की त्यात तोंड बघावं. अब्बांना न विचारता बयाणा देऊन आलो. गाडी दारात उभी केली तेव्हा त्यांनी डिकी उघडली, स्टेपनी उचलली, खालच्या खळग्यातून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर वाळलेला बारीक गाळ होता. आदल्या वर्षी, २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हजारो गाड्या बुडाल्या होत्या. त्यांतलीच एक धुऊनपुसून माझ्या दारात आली होती. अब्बा एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तर पुण्याला गेलो. रविवारी दुपारी. मालक मोठ्या उत्साहानं गाडी फिरवून आणून आमच्यापुढे उभी करणार, एवढ्यात भावानं बॉनेटवर पालथा हात ठेवला. गाडी तापलेली. भाऊ म्हणाला, "साहेब, आज राहू दे. उद्या सकाळी येतो. आम्ही येईपर्यंत सुरू करू नका." भाचा हिरमुसला. मालकही थोडा नाराज झाला. पण आजच्या बोलण्याचं सार याच एका गोष्टीत आहे.

ताकदवान गाडी आपलं दुखणं ताकदीनं झाकते. साध्या गाडीचं इंजिन दहा टक्के दमलं तर चढावर लगेच कळतं. २३० अश्वशक्तीचं इंजिन तेवढंच दमलं तरी पहिल्यांदा बसणाऱ्याला पाठीत धक्का बसतोच, आणि तो खूश होऊन उतरतो. म्हणून वेगवान गाडी तपासायची ती थंड असताना, उभी असताना आणि हळू चालताना. तिचा वेग सगळ्यात शेवटी.

थंड कशासाठी? रात्रभर उभ्या गाडीत इंजिनचं ऑइल खाली उतरून बसलेलं असतं. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना ते वर चढायला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात इंजिन खरं बोलतं. टायमिंग चेन सैल झाली असेल किंवा तिला ताणून धरणारा भाग कमजोर झाला असेल, तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड ऐकू येते. गरम इंजिनात तीच खडखड येईलच असं नाही. म्हणून एकानं आत बसावं, एकानं बॉनेटपाशी कान द्यावा आणि एकानं सायलेन्सरच्या मागे उभं राहावं.

मागे उभं राहणाऱ्यानं धूर बघायचा. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येते आणि विरून जाते, तिला घाबरू नये. पण इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट आत जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गाडी चार-पाच मिनिटं नुसती चालू ठेवून मग हलकी रेस द्या. त्या वेळी निळा लोट आला तर टर्बोचे किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असण्याची शंका घ्यावी.

हा टर्बो म्हणजे काय, तेही सांगतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटं चाक फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्त हवा कोंबतं. जोरात चालवताना हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याला वंगण आणि थंडावा देतं ते इंजिनचंच ऑइल. गाडी दामटून आणली आणि लगेच बंद केली, तर तापलेल्या दांड्याभोवती ऑइल अडकून त्याची काजळी होते. वर्षानुवर्षं हेच केलं की टर्बो जातो. म्हणून मालक गाडी थांबवल्यावर काय करतो हे बघावं. जो मिनिटभर चालू ठेवून मग चावी फिरवतो, त्याच्या गाडीवर माझा भाऊ निम्मा विश्वास टाकतो.

मग बॉनेटखाली बघायचं. ऑइलच्या झाकणाच्या आत लोण्यासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शक्यता असते. पण फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थंडीत थोडा ओलावा धरतो, म्हणून त्या एकाच खुणेवर निकाल देऊ नये. कूलंटची पातळी बघा. या जातीच्या इंजिनात पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट प्लॅस्टिकच्या एकाच घरात बसवलेले असतात, आणि तिथून कूलंट पाझरण्याची तक्रार जगभर आहे. पाझरून वाळलेलं कूलंट गुलाबट खपलीसारखं दिसतं. बॅटरीचा दिवा घेऊन ती खपली शोधायची. मात्र गरम इंजिनावर कूलंटचं झाकण उघडू नका, हात भाजेल.

आता गाडी उभी असतानाच बाकीचं बघून घ्या. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे कागदाच्या पानाएवढा. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. एखाद्या पत्र्यावर आकडा चारशे-पाचशेच्या वर गेला तर खाली पुट्टी भरलेली आहे. मडगार्डच्या आणि बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले तर ते उघडून बसवलेत. काचांवर कोपऱ्यात वर्षाची खूण असते. सगळ्या एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असली तर ती का बदलली ते विचारा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. पुरात बुडालेल्या गाडीचा पट्टा आतल्या टोकाला मातकट राहतो. २०१९ आणि २०२१चे पूर आमच्या सांगली-कोल्हापूरकडे आम्ही डोळ्यांनी पाहिलेत. त्या गाड्या काही त्याच गावात विकल्या जात नाहीत, त्या लांब जातात.

वेगवान गाडीत टायर आणि ब्रेक हीच खरी मालमत्ता. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ असेल तर २०१९च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. मापाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते टायरला झेपणारा वेग सांगतं. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर. तुम्ही त्या वेगानं जाणार नाही आणि जाऊही नये. पण ज्या मालकानं अशा गाडीला हलक्या अक्षराचे, चार चाकांना चार कंपन्यांचे टायर घातले, त्यानं ऑइलही तसंच घातलं असणार. टायर आतल्या कडेनंच झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं किंवा खालचा एखादा भाग वाकलेला असू शकतो. ब्रेकच्या डिस्कच्या कडेला उंच काठ, निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर गाडी सतत जोरात हाणून जोरात थांबवलेली आहे.

यानंतर संगणक. गाडीला यंत्र जोडून बिघाडाचे कोड वाचता येतात. पण विकण्याआधी कोड पुसणं हे पाच मिनिटांचं काम असतं. पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसतात आणि त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. म्हणून कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका, तपासण्या पूर्ण आहेत का तेही बघायला सांगा. हौशी मंडळी इंजिनचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवतात, ज्याला रीमॅप म्हणतात, आणि विकताना मूळ प्रोग्रॅम परत टाकतात. तेव्हा एअर फिल्टर, सायलेन्सर, प्लग कंपनीचेच आहेत का, हे बघून अंदाज बांधायचा.

मग गाडी चालवा, पण पहिली पंधरा मिनिटं हळू. दोन क्लचच्या गियरबॉक्सची परीक्षा महामार्गावर होत नाही, ती गर्दीत होते. मुंगीच्या गतीनं पुढे सरकताना गाडी थरथरते का, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका देते का, चढावर रिव्हर्स घेताना अडखळते का ते बघा. या सहा गियरच्या पेटीचं ऑइल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागतात, आणि त्याचं बिल असलंच पाहिजे. इंजिन नीट तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर, मर्यादेत राहून, एकदाच पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. ओढ सलग हवी, मध्ये अडखळायला नको. मग ब्रेक मारा. स्टिअरिंग थरथरलं किंवा गाडी एका बाजूला ओढली तर कारण शोधा. परत आल्यावर पुन्हा खाली वाकून बघा, काही ठिबकतंय का.

आता कागद. आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अंक-अंक जुळवा. त्या नंबरावरून कंपनीच्या कार्यशाळेतला सर्व्हिसिंगचा इतिहास मालकाकडून मागवून घ्या. मीटरचं रीडिंग त्याच्याशी जुळतं का ते बघा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. फॉर्म २९ आणि ३० हस्तांतराचे. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत. थकलेली ई-चलानही बघा, गाडी वेगासाठी किती वेळा पकडली गेली ते तिथे दिसतं. आणि विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय की नोंदवहीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. नाव बदललं नाही आणि त्या गाडीनं अपघात केला, तर भरपाईचा दावा तुमच्या दारात येतो. घेणाऱ्यानं विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही त्या गाडीपाशी उभे होतो. बॉनेट थंडगार. मालकानं चावी फिरवली आणि पहिल्या तीन सेकंदांत जी खडखड झाली ती भाच्यालाही ऐकू आली. पाच मिनिटांनी रेस दिली तर मागे निळा लोट. मीटर ७२ हजार, आणि गियरबॉक्सच्या ऑइलचं बिल नाही. मालक लबाड होता असं मी म्हणणार नाही. बहुधा त्यालाही माहीत नसावं. आम्ही आभार मानून निघालो.

परतीच्या वाटेवर भाचा बोलत नव्हता. मीही बोललो नाही. पण मग मला अब्बांचं ते न बोलणं आठवलं, आणि मी त्याला गाळाची गोष्ट सांगितली. तो हसला.

तीन महिन्यांनी त्यानं त्याच मॉडेलची दुसरी गाडी घेतली. दिसायला जरा जुनाट, बंपरवर ओरखडे, पण सोबत बिलांची जाडजूड फाईल. भावाच्या सांगण्यावरून किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम त्यानं पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी वेगळी ठेवली होती. त्यातले निम्मे पैसे ब्रेक, टायर आणि पाण्याच्या पंपात गेलेही.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातल्या कुणा तरुणानं अशी गाडी बघितली असेल तर त्याला अडवू नका. त्याच्याबरोबर जा. सकाळी जा, ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या, त्याची मजुरी आनंदानं द्या. आणि आदल्या रात्री मालकाला फोन करून एवढंच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.