निरोगी बाळाच्या नाकातील बिऱ्हाड

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या गावी कापूसवेचणीचे दिवस आले की कर्ती माणसे शेतात जातात आणि तान्हे मूल आजीच्या मांडीवर येते. बाळाचे नाक वाहू लागले तर आजी पदराने ते पुसते, त्याच पदराने स्वतःचे तोंडही टिपते. बाळ दूध पिते, हसते. मग ते आजारी कसे? ते आजारी नाहीच. परंतु नाक जेथे घशाला मिळते तेथे न्यूमोकोकस नावाच्या जंतूने बहुधा बिऱ्हाड थाटलेले असते.

हा जंतू १८८१ साली सापडला तोही धडधाकट माणसाच्या तोंडात. अमेरिकेतील लष्करी डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतःची लाळ सशांना टोचली. ससे मेले, स्टर्नबर्गना काही झाले नाही. (त्याच वर्षी पाश्चर यांनाही तो स्वतंत्रपणे आढळला.) तामिळनाडूच्या ग्रामीण भागातील अर्भकांची एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली, तीत दोन महिन्यांच्या निम्म्याहून अधिक बाळांच्या नाकात हा जंतू मिळाला. आपल्याकडील दाटीची घरे आणि चुलीचा धूर पाहता मराठवाड्यात चित्र फार निराळे असेल असे मानण्यास आधार नाही.

बहुतेक बाळांना या पाहुण्याचा उपद्रव होत नाही. क्वचित तो फुफ्फुसात, रक्तात वा मेंदूच्या आवरणात उतरतो आणि मग जिवावर बेतते. नातवाला काही न होता थकलेल्या आजीला न्यूमोनिया व्हावा, हेही घडते.

या जंतूवरील लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांला आणि नवव्या महिन्यात. पुण्यातच तयार झालेल्या स्वस्त लशीने हे काम सुकर केले आहे. या लशीमुळे तिच्यातील प्रकारांच्या जंतूंना नाकात ठाव मिळणे कठीण होते. अमेरिकेत २००० पासून बाळांना अशी लस देऊ लागले आणि लस न घेतलेल्या वृद्धांमधील हा रोगही घटला. पण आपल्याकडे नववा महिना ऐन ऊसतोडीत आला, की कुटुंब कारखान्याच्या तळावर आणि लशीचे कार्ड गावच्या पेटीत!

दुसरे संकट आपणच ओढवून घेतो. साध्या सर्दीला ‘जोराचे औषध द्या’ असा आग्रह धरावयाचा आणि दोन दिवसांत बाटली फळीवर ठेवावयाची. सर्दी विषाणूंची, प्रतिजैविकाचा तिला उपयोग नाही. नाकातले दुबळे जंतू मात्र मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि अंगणवाडीत शेजारच्या मुलाकडे जातात.

मग औषध केव्हा द्यावयाचे? गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी हा प्रश्न गावातच सोडविला. आकडे न येणाऱ्या सुईणींना मण्यांच्या साधनाने बाळाचे श्वास मोजावयास शिकविले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल पाहावयाची. दोन महिन्यांच्या आत साठ, पुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावयाचे. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर मोजदादीतही वेळ दवडू नये.